थायलंडमधली शिकवण्याची नोकरी मध्येच सोडायची आहे, पण पासपोर्ट एजन्सीकडे आहे

आंबटचुका | १२ नोव्हेंबर २०२३, रात्री ११.४०

आज लक्ष्मीपूजन. खोलीत दोन मेणबत्त्या लावल्या, सेव्हन-इलेव्हनमधला बिस्किटाचा पुडा नैवेद्याला ठेवला, घरी व्हिडिओ कॉलवर "मजेत आहे" असं सांगितलं आणि हे लिहायला बसले. घरचं कुणी या संस्थळावर नाही म्हणून इथे लिहायची हिंमत. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मिरजेकडची. इंग्रजीत एम.ए., बी.एड. सहा वर्षं विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात काढली. पहिली तीन फुकट ("अनुदान आलं की बघू"), पुढची तीन महिना ८,०००वर, तेही चारदा मागितल्यावर. यंदा शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली, यादीचा पत्ता नाही. अशात पुण्यातल्या एका एजंटाने थायलंडची नोकरी दाखवली. त्याची फी १,४०,००० रुपये. पतसंस्थेचं कर्ज काढलं, बाबांच्या नावावर.

सुरिन नावाच्या प्रांतात आहे मी, ईशान्येला, कंबोडियाच्या हद्दीलगत. शाळा सरकारी, पण माझा करार बँकॉकच्या एका एजन्सीशी. एजन्सी शाळेला शिक्षक पुरवते. आपल्याकडे सफाईचं कंत्राट असतं तसं इंग्रजीचं कंत्राट.

सांगितलं होतं २५,००० बाथ. इथे आल्यावर करार हातात पडला तो २२,०००चा. मे ते सप्टेंबर दरमहा २,००० "हमी" म्हणून कापले, म्हणजे १०,००० तिकडे अडकले. ऑक्टोबरात शाळेला सुट्टी, तर त्या महिन्याचा पगार निम्मा, आणि तो निम्माही अजून जमा नाही. मे महिन्यात टुरिस्ट व्हिसावर आणलं, "४५ दिवसांत सगळं कायदेशीर करू" म्हणाले. वर्क परमिट ऑगस्टमध्ये आलं. तोवर शाळेत कुणी साहेब आले की मला लायब्ररीत बसवायचे. ऑक्टोबरात व्हिसाची मुदत वाढवायला पासपोर्ट नेला तो परत दिलेला नाही. बी.एड.चं मूळ प्रमाणपत्रही त्यांच्याकडे.

शनिवारी "इंग्लिश कॅम्प" असतो, त्याचे पैसे नाहीत. माझ्यासारख्याच वर्गांवर एक गोरा मुलगा आहे, बी.एड. वगैरे काही नाही, त्याला ३८,०००. पालकसभेला मला सांगितलं, कुठून आलीस विचारलं तर "इंडिया" म्हणू नकोस, नुसतं हस.

सोडायचं आहे. करारात लिहिलंय ६० दिवसांची नोटीस आणि मार्चआधी सोडलं तर ३०,००० बाथ दंड. माझ्या खात्यात आज ६,४०० बाथ आहेत.

आणि मुलं. म. १चे तीन वर्ग, म्हणजे आपली सातवी, प्रत्येकात पंचेचाळीसच्या वर. सकाळी सातला फाटकावर उभी असते तेव्हा दोन हात जोडून वाकून जातात. त्यांचं काय?

कुणी अशातून गेलं असेल तर सांगा.

---

उडाणटप्पू | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मी पैला.

ताई, सरळ रातोरात पोबारा करा. कोरियात माझा मित्र होता, त्याच्या शाळेतले दोघे असेच गेले. सकाळी वर्गात फळ्यावर आदल्या दिवशीची तारीख आणि गुरुजी विमानात.

कुळीथपिठी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

उडाणटप्पू, पासपोर्टाशिवाय विमानात कोण बसवतंय तिला? धागा वाचून तरी प्रतिसाद द्या.

आंबटचुका, आधी जेवलीस का नीट? मी मस्कतला भारतीय शाळेत नऊ वर्षं काढली. आमच्या वेळी जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र नसेल तर दोन वर्षं ओमानात परत काम नाही. ती अट १ जानेवारी २०२१ला गेली, पण मी त्याआधीच घरी आले होते. पासपोर्ट मात्र आमचाही शाळेच्या कपाटात असायचा आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट "सांभाळून ठेवतात हो" असं म्हणायचो. त्या भाबडेपणाचा आता राग येतो.

मेकाँगकाठी | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

बँकॉकमध्ये १४ वर्षं आहे, कंपनीत माणसांचे पगार आणि परमिटं हेच बघतो. मुद्द्याचं लिहितो.

पासपोर्ट. तो तुमचाही नाही आणि एजन्सीचा तर नाहीच. १९६७च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो भारत सरकारच्या मालकीचा. उद्याच एजन्सीला लाइनवर (इथलं व्हॉट्सॅप) लिहून मागा. फोनवर नको. आवाज चढवायचा नाही, कारण साधं द्यायचं: बँकेत मूळ पासपोर्ट मागताहेत. आठवड्यात आला नाही तर भारतीय वकिलातीला मेल आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर तक्रार. लाइनच्या संदेशांचे स्क्रीनशॉट घरी कुणाकडे तरी पाठवून ठेवा.

हमीचे १०,०००. थायलंडचा कामगार संरक्षण कायदा १९९८चा. त्याच्या कलम १० प्रमाणे पैशाअडक्याची जबाबदारी असलेली कामं सोडून बाकी कुणाकडून अनामत घेता येत नाही. शिक्षक त्यात बसत नाही. कलम ७६ पगारातून काय कापता येतं ते मोजून सांगतं, त्यात "करार मोडल्याचा दंड" नाही. ३०,००० हवे असतील तर त्यांनी कामगार न्यायालयात जावं आणि तेवढं नुकसान झाल्याचं दाखवावं. तुमच्या पगारातून परस्पर वळते करता येणार नाहीत.

तुम्ही खासगी शाळेच्या थेट नोकरीत असतात तर गणित वेगळं होतं. खासगी शाळांतल्या शिक्षकांना हा कायदा जसाच्या तसा लागत नाही, त्यांचा स्वतःचा कायदा आणि स्वतंत्र फंड आहे. तुमची मालक एजन्सी आहे, हे इथे तुमच्या पथ्यावर पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या नोकरीचा शेवटचा दिवस म्हणजे तुमच्या व्हिसाचा शेवटचा दिवस. शिक्का मार्चचा असला तरी. त्या दिवसापर्यंत देश सोडायचा, किंवा त्याआधी इमिग्रेशनला जाऊन १,९०० बाथ भरून ७ दिवस मागायचे. त्यापुढे राहिलात तर दिवसाला ५०० बाथ, कमाल २०,०००. म्हणून "उद्यापासून येत नाही" असं तोंडाने कधीही म्हणू नका. एजन्सी तीच तारीख कळवून मोकळी होईल आणि तुम्हाला कळेल तेव्हा चार दिवस उलटलेले असतील.

प्रश्न: करार थाई भाषेतही आहे का? त्याची प्रत आहे का?

आंबटचुका | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

कुळीथपिठीताई, जेवले. इथे चिकट भात हातानेच खातात, गोळा करून. तेवढं एक घरच्यासारखं आहे.

मेकाँगकाठीदादा, थाई करार आहे. सही केली तेव्हा इंग्रजीच्या मागे टाचलेला होता. मला वाचता येत नाही.

मेकाँगकाठी | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

वाचून घ्या. शाळेतल्या विश्वासातल्या बाईंकडून. सरकारी कचेरीत तीच प्रत चालते.

निवृत्त_हेडमास्तर | १३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

धागाकर्तीचे दुःख समजू शकतो. तथापि एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. सत्र चालू आहे. दीडशे मुले आहेत. शिक्षकाने वर्ग मध्येच सोडावा काय? आम्ही ३१ वर्षे नोकरी केली. पगार चार चार महिने होत नसत. तरी मार्चचा निकाल लावल्याशिवाय कोणी जागा सोडली नाही.

पावटा | १३ नोव्हेंबर, रात्री ९.३२

आणि जा परदेशात! दीड लाख एजंटाला द्यायला होते, इथे क्लास काढायला नव्हते?

कुळीथपिठी | १३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मास्तर, तुमचे चार महिने थकले तरी पाचव्या महिन्यात एकदम यायचे आणि निवृत्तीवेतनही लागलं. हिच्या सहा वर्षांचं काय झालं ते पहिल्याच पोस्टीत आहे. "मुलांचं काय" हा प्रश्न संस्थाचालकाला विचारा ना, प्रत्येक वेळी बाईलाच का?

पावट्याला उत्तर देत नाही.

निवृत्त_हेडमास्तर | १३ नोव्हेंबर, रात्री १०.०२

बाईंनाच असे मी म्हटलेले नाही. शिक्षकाला म्हटले आहे.

(पुढचे सतरा प्रतिसाद शिक्षक भरती, पवित्र पोर्टल आणि कोणत्या सरकारने काय केलं यावर होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. अवांतर तिकडे करा. – संपादक मंडळ)

काळाकोट | १४ नोव्हेंबर, दुपारी १.००

मुंबईत वकिली करतो. थायलंडच्या कायद्यावर बोलणार नाही, पुण्याच्या एजंटाबद्दल बोलतो.

परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात तुमच्या एजंटाचं नाव शोधा. नोंदणीकृत असला तरी सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये, वर जीएसटी. १,४०,००० कोणत्याच हिशेबात बसत नाहीत. पैसे रोख दिलेत की खात्यातून? पावती आहे? "कन्सल्टन्सी", "ट्रेनिंग" असं काही लिहून दिलंय का?

तक्रार मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात करता येते, जोडीला पोलिसांतही. ते काम तुमचे वडील इथून करू शकतील. पण त्यासाठी त्यांना खरं सांगावं लागेल.

आंबटचुका | १४ नोव्हेंबर, रात्री १०.५०

९०,००० खात्यातून, ५०,००० रोख. पावतीवर "सॉफ्ट स्किल ट्रेनिंग" आहे. त्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस टाय कसा बांधायचा ते शिकवलं. मला टाय!

यादीत नाव नाही. आत्ताच बघितलं.

बाबांना अजून नाही सांगितलं.

आंबटचुका | १७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

अपडेट. माझ्या शेजारच्या टेबलावर समाजशास्त्राच्या एक थाई बाई बसतात, पन्नाशीच्या. इथे मोठ्या बहिणीला-भावाला "पी" म्हणतात, मी त्यांना तसंच म्हणते. त्यांना थाई करार दाखवला. मधल्या सुट्टीत त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत पहिल्यापासून वाचला. मग ट्रान्सलेटवर टाइप करून दाखवलं: "इथे ३० दिवस लिहिले आहेत. दंडाचा आकडा नाही. इंग्रजीत का आहे?"

म्हणजे सरकारदरबारी द्यायला एक करार आणि मला घाबरवायला दुसरा.

पी काही बोलल्या नाहीत. इथे कुणाला अवघडायला नको म्हणून लोक फार गप्प बसतात, त्याला "क्रेंग चाई" म्हणतात, आपल्या भिडेसारखं. मला वाटलं झालं, या पण भिडेखातर गप्प बसणार. संध्याकाळी खोलीवर आल्या, पपईचा सोम तम घेऊन, माझ्यासाठी फिश सॉस न घालता केलेला. म्हणाल्या, नोटीस मी थाईत लिहून देते.

पासपोर्ट लाइनवर मागितला. उत्तर: "पुढच्या आठवड्यात". स्क्रीनशॉट भावाला पाठवले. त्यामुळे भावाला सांगावं लागलं. त्याने बाबांना सांगितलं. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "पैशाचं मी बघतो, तू पासपोर्ट हातात घे."

मेकाँगकाठी | १७ नोव्हेंबर, रात्री १०.००

त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. नोटीस ३० नोव्हेंबरला, पगाराच्या दिवशी. शेवटचा दिवस ३१ डिसेंबर असा आकड्यात लिहा. १ डिसेंबरला दिलीत तर ते पुढच्या पगारापासून मोजत बसतील आणि जानेवारीअखेर लटकाल. पासपोर्ट हातात येईपर्यंत नोटिशीचा "न"सुद्धा काढू नका.

दुसरं. पगारपत्रकावर सामाजिक सुरक्षेचे ७५० कापलेले दिसतात का? असतील तर त्या कचेरीत जाऊन खरंच भरलेत का विचारा.

उडाणटप्पू | १७ नोव्हेंबर, रात्री १०.२०

पोबारा मागे घेतो. मेकाँगकाठी, तुम्ही फी घेता का?

आंबटचुका | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०

पासपोर्ट मिळाला!!! एजन्सीची मुलगी बुधवारी शाळेत दुसऱ्या कामाला आली होती, तिच्याकडून कुरियरच्या पाकिटात. प्रमाणपत्र मात्र "फाइलला लागलंय".

आणि ७५०ची गंमत ऐका. कापले मे महिन्यापासून, भरले ऑगस्टपासून. मे, जून, जुलैचे २,२५० गेले कुठे?

मेकाँगकाठी | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०

गेले कुठे ते उघड आहे, परमिट नव्हतं म्हणून भरताच आले नाहीत. पण इथे जरा थांबा. तो पुरावा दुधारी आहे. मे ते ऑगस्ट तुम्ही परमिटशिवाय काम केलंत याचाही तो पुरावा. परमिटशिवाय काम करणाऱ्याला ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि वर देशाबाहेर काढतात. मालकाला दर माणशी १०,००० ते १,००,०००, पण मालक भरून मोकळा होईल. तुम्हाला परत इथे नोकरी करायची असेल तर २,२५०चा नाद सोडा. माझं मत आहे, निर्णय तुमचा.

कुळीथपिठी | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

म्हणजे चोराने चोरी केली आणि बोंब मारली तर हिलाच पकडणार. छान.

निवृत्त_हेडमास्तर | २४ नोव्हेंबर, रात्री ८.००

पासपोर्ट मिळाला हे उत्तम झाले. मूळ प्रमाणपत्र कोणालाही देऊ नये, साक्षांकित प्रत द्यावी. हे मी दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगत असे.

मुलांच्या गुणांचे काय ठरवले?

आंबटचुका | १ डिसेंबर, रात्री ८.४५

काल नोटीस दिली. एक प्रत एजन्सीला मेलने, एक रजिस्टर पोस्टाने, एक शाळेच्या ऑफिसात शिक्का मारून घेतली. खाली लिहिलं: शेवटचा दिवस ३१ डिसेंबर २०२३.

दहा मिनिटांत फोन. उचलला नाही. मग लाइनवर रांगेने: तू करार मोडलास, ३०,००० भर, इमिग्रेशनमध्ये ब्लॅकलिस्ट करू, भारतातल्या तुझ्या माणसाला कळवू. शेवटी "आम्ही तुला १५ डिसेंबरलाच मोकळं करतो."

हात थरथरत होते. दादांनी आधीच लिहून दिलेलं वाक्य चिकटवलं: कृपया शेवटची तारीख आणि कारण लेखी कळवा. त्यानंतर सगळं शांत.

नोव्हेंबरचा पगार अर्थातच आला नाही.

मेकाँगकाठी | १ डिसेंबर, रात्री ९.३०

ब्लॅकलिस्ट करणं एजन्सीच्या हातात नाही. त्यांच्या हातात एवढंच आहे की तुमची नोकरी संपल्याचं १५ दिवसांत कळवायचं, आणि त्यात तारीख खोटी लिहायची. म्हणून तुमच्याकडचा शाळेचा शिक्का हे सोनं आहे.

पगार आठवडाभरात आला नाही तर प्रांताच्या कामगार कचेरीत जा. फॉर्मचं नाव "खो रो ७". फी नाही. निरीक्षकाला ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, पण बहुतेकदा तेवढं लागत नाही, पहिल्या फोनलाच काम होतं. पासपोर्ट, परमिटचं निळं पुस्तक, दोन्ही करार, बँकेचं पासबुक अपडेट करून, आणि हाजिरीच्या वहीचे फोटो.

आंबटचुका | १२ डिसेंबर, रात्री १०.००

आज जाऊन आले. पींनी अर्धा दिवस रजा टाकली आणि मला स्कूटीवर घेऊन गेल्या.

कचेरी म्हणजे आपल्या तहसीलसारखीच, पंखा, स्टीलची कपाटं, भिंतीवर राजाचा फोटो. फरक एवढाच की पाणी आणून दिलं. साहेबांनी दोन्ही करार शेजारी शेजारी ठेवले आणि बोट दोन्हींवरून एकदम खाली आणत गेले. दंडाच्या ओळीपाशी इंग्रजीवरचं बोट थांबलं, थाईवरचं पुढे गेलं. हसले. मग आमच्यासमोरच एजन्सीला फोन लावला, स्पीकरवर. मला थाई कळत नाही, पण लाइनवर माझ्यावर डाफरणारी तीच बाई दर वाक्याला "खा, खा" करत होती. इथे बायका वाक्याच्या शेवटी नम्रपणे "खा" म्हणतात. पींनी टेबलाखाली माझ्या हातावर थाप मारली.

फॉर्ममध्ये लिहिलं: हमीचे १०,०००, नोव्हेंबरचा पगार, ऑक्टोबरचा अर्धा आणि कापलेला अर्धा. २,२५० नाही लिहिले.

मास्तर, गुणांचं. इथे प्रत्येक विषयाची "पो पो ५" नावाची गुणांची वही असते. रोज ती भरतेय. सत्राचे निम्मे गुण ३१ तारखेआधी पूर्ण होतील, पुढच्याचं काम सोपं. नापास जवळपास कुणाला करायचंच नसतं, परत परत परीक्षा घेऊन वर ढकलायचं. ते तुम्हाला पटणार नाही.

निवृत्त_हेडमास्तर | १२ डिसेंबर, रात्री १०.२५

पटत नाही. पण इकडेही आठवीपर्यंत आपण तेच करत आलो.

वही भरतेस हे चांगले.

आंबटचुका | १९ डिसेंबर, दुपारी ४.१०

काल जमा झाले ४३,०००. हमीचे १०,०००, नोव्हेंबरचे २२,०००, ऑक्टोबरचे ११,०००. ऑक्टोबरचा उरलेला अर्धा नाही. साहेब म्हणाले भांडायचं तर केस चालू ठेव, पण मग तू इथे हवीस. मी सही करून मिटवलं. प्रमाणपत्रही त्याच दिवशी कुरियरने आलं, कोपरा दुमडलेला.

माहीत आहे, काहीजण म्हणतील ११,००० का सोडले. माझ्याकडे थांबायला व्हिसा नाही आणि थांबून खायला पैसे नाहीत. ७ दिवस मागून करणार काय?

पावटा | १९ डिसेंबर, संध्याकाळी ५.००

जिंकलात. अभिनंदन. (खरंच.)

कुळीथपिठी | १९ डिसेंबर, संध्याकाळी ५.२०

बाई गं! डोळ्यांत पाणी आलं. विमान कधी?

आंबटचुका | ३ जानेवारी २०२४, सकाळी ११.००

मिरजेत आहे. ३१ला रविवार आणि वर नववर्षाची सुट्टी, सगळ्या कचेऱ्या बंद, म्हणून जोखीम न घेता ३०लाच निघाले. २९ची रात्रगाडी सुरिनहून, पहाटे बँकॉक, तिथून मुंबई. विमानतळावर इमिग्रेशनच्या पोराने पासपोर्ट उलटसुलट केला तेव्हा पोटात गोळा आला होता. त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. बस्स.

शेवटच्या दिवशी वर्गात सांगायची मुभा नव्हती, एजन्सीने शाळेला तशी विनंती केली होती म्हणे. तास संपल्यावर मुलं रोज उभी राहून एका सुरात म्हणतात, "थँऽक यू टीऽचर, सी यू अगेऽन." त्या दिवशीही म्हणाली. म. १/४ या वर्गातली एक पोरगी दाराशी थांबली. वर्षभर तिने "आयम फाइन थँक यू अँड यू"च्या पलीकडे एक शब्द उच्चारला नव्हता. म्हणाली, "टीचर, बिग बॅग?" पींनी सांगितलं असणार, किंवा तिने खोलीखाली बॅग बघितली असणार. मी "येस, बिग बॅग" म्हटलं. तिने मान हलवली आणि गेली.

मास्तर, हे तुम्हाला म्हणून लिहिलं.

निवृत्त_हेडमास्तर | ३ जानेवारी, दुपारी १२.४०

वाचले.

काळाकोट | ३ जानेवारी, दुपारी १.१५

स्वागत. आता पुण्याचं काम. टायची पावती घेऊन या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

उडाणटप्पू | ८ मार्च, रात्री ११.३०

धागा वर काढतोय. पुढे काय झालं?

आंबटचुका | ९ मार्च, सकाळी ८.००

पोलिसांत अर्ज दिल्यावर एजंटाने खात्यातून घेतलेल्या ९०,०००पैकी ५४,००० परत केले. रोखीचे घेतलेच नाहीत म्हणतो. कर्ज ८६,००० बाकी आहे. काळाकोट सोडायला तयार नाहीत, मीच थोडी थकले.

शिक्षक भरतीची पवित्र पोर्टलवरची यादी फेब्रुवारीअखेर लागली. माझं नाव नाही.

आणि हो, मे महिन्यात परत जाते आहे. थायलंडलाच. आधी ओरडू नका. चोनबुरीची खासगी शाळा, मधे एजन्सी नाही, शाळेनेच घेतलं. मुलाखत व्हिडिओवर झाली. पगार २४,०००, बाराही महिने, ते करारात लिहून घेतलं. थाई प्रत पींना पाठवली, त्यांनी ओळ न् ओळ वाचून "ओके खा" म्हटलं. शाळेची कागदं आली की मुंबईच्या थाई वकिलातीतून बी व्हिसा (नोकरीचा) इथूनच घेऊन जाणार. नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय जायची सवलत सुरू झाली, पण तो फिरायला जायचा दरवाजा, त्याने परत आत शिरणार नाही.

कुळीथपिठी | ९ मार्च, सकाळी ८.२५

मूळ प्रमाणपत्र घरी ठेवून जा.

आंबटचुका | ९ मार्च, सकाळी ८.३०

बाबांच्या कपाटात, पतसंस्थेच्या पासबुकाखाली.

नवीनच_आलोय | २१ एप्रिल, रात्री १२.१५

नमस्कार. हा धागा गुगलवर सापडला. मी लातूरचा, बी.एड. झालंय. मला व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायची ऑफर आहे, ४ मेला निघायचं. एजंट म्हणतो टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं तिथे बघू. फीचे ६०,००० भरलेत, बाकीचे विमानतळावर द्यायचेत. काही प्रॉब्लेम होईल का?

आंबटचुका | २१ एप्रिल, रात्री १२.२१

जागा आहेस का? बाकीचे पैसे देऊ नकोस. करार किती भाषांत आहे ते बघ आणि सगळ्या पानांचे फोटो मला आत्ता व्यनित पाठव.